चमचाभर पूड आणि शंभर ग्रॅमची बढाई

इंदुरात राहून पोह्यांबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नाही. तरी सुपरफूडच्या गोष्टीची सुरुवात पोह्यांपासूनच करावी लागते. कशात काय किती आहे, या हिशेबात माणूस कसा फसतो ते पोह्यांइतकं सोपं करून दुसरं कुणी दाखवत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. पोहे म्हणजे लोहाचा खजिना, हे वाक्य तिथून निघालं आणि अजून फिरतंय. त्याच संस्थेने नव्याने मोजणी करून २०१७ साली नवे तक्ते काढले, त्यात हा आकडा साडेचारच्या आसपास आहे. पोह्यांनी काही लपवलं नव्हतं. पोहे लोखंडी रुळांखाली चपटे होतात. त्यांना चिकटलेलं लोखंड आणि धूळ जुन्या मोजणीत धरली गेली, असं यामागचं कारण सांगितलं जातं. आता ताटलीपुरतं बोलू. एका माणसाला ५० ग्रॅम कोरडे पोहे लागतात. म्हणजे लोह सव्वादोन मिलिग्रॅम. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम हवं, पुरुषाला १९. खजिन्याचे चिल्लर पैसे झाले.

मग पोहे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. फक्त त्यांच्याकडून जे मिळत नाही ते मागू नये, आणि मिळतं ते वाया घालवू नये. वाया घालवतो तो चहा. चहातली टॅनिनं वनस्पतीतल्या लोहाला पोटातच धरून ठेवतात आणि अंगी लागणारं लोह निम्म्याहून खाली येऊ शकतं. लिंबू उलट काम करतं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने हेच लोह जास्त शोषलं जातं. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर, खायच्या वेळी पिळावं, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. चहा मात्र तासाभराने घ्यावा. राजवाड्याच्या ठेल्यावर उभं राहून एका हातात पोहे आणि दुसऱ्या हातात कट चहा धरणाऱ्याला हे सांगून काही उपयोग नाही, हे मला मान्य आहे. घरात जमतं.

ठेल्यावरचे पोहे वाफेवर ठेवलेले, वर सेव, कांदा आणि जीरावन हा इकडचा चटपटीत मसाला. आपल्या मराठी घरातले पोहे दाणे परतून केलेले. ५० ग्रॅम पोह्यांतून साडेतीन ग्रॅम प्रथिनं येतात, आणि मूठभर म्हणजे १५ ग्रॅम दाण्यांतून जवळपास तेवढीच. एका मुठीत ताटलीची प्रथिनं दुप्पट. सेवेतही बेसनाची प्रथिनं आहेतच, पण तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा तेलाचा असतो. दाणे घेताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास असलेले वेचून फेकावेत आणि तोंडात कडू लागला तर थुंकावा. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजूनही पुरतं जात नाही आणि यकृताला घातक असतं.

आता पाकिटाकडे वळू. ‘सुपरफूड’ या शब्दाला शास्त्रात व्याख्या नाही. तो जाहिरातीतून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केळी विकणाऱ्या युनायटेड फ्रूट कंपनीने केळ्याच्या गुणांची पत्रकं छापून जोरदार प्रचार केला, तिथून हा शब्द रुळला असं मानतात. म्हणजे पहिलं सुपरफूड आपलं केळं! युरोपीय संघात २००७ पासून असा शब्द पाकिटावर नुसता छापता येत नाही, सोबत मान्यता मिळालेला नेमका आरोग्यदावा द्यावा लागतो. आपल्याकडेही अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे दाव्यांचे नियम आहेत. ते वाचले की एक गंमत कळते. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये रोजच्या गरजेच्या १० टक्के प्रथिनं असली की ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणता येतं. ६५ किलोच्या पुरुषाची गरज ५४ ग्रॅम धरली तर साडेपाच ग्रॅम पुरे. तंतूंचं ६ ग्रॅमला ‘भरपूर’ होतं. या मापाने गिरणीतून आणलेली साधी कणीक प्रथिनांचा स्रोत आहे आणि तंतूंनी भरपूरही. तिच्या डब्यावर कुणी छापत नाही एवढंच.

फसवणूक बहुतेक वेळा खोट्या आकड्यात नसते. खऱ्या आकड्याशेजारी चुकीचा शेजारी बसवलेला असतो. शेवग्याच्या पानांची पूड घ्या. ‘दुधाच्या १७ पट कॅल्शियम’ हा तिच्यावरचा नेहमीचा दावा. वाळलेल्या पानांच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम साधारण २००० मिलिग्रॅम, दुधात १२०, तेव्हा भागाकार बरोबर येतो. पण कोणी १०० ग्रॅम पूड खातं का? चहाचा चमचा भरून पूड अडीच ग्रॅम भरते. त्यात कॅल्शियम ५०. दूध मात्र आपण कपभर पितो, त्यात २४०. सतरा पट राहिलं बाजूला, चमचाभर पूड कपभर दुधाच्या एक पंचमांशावर आली. शिवाय पानांतलं पाणी काढून टाकलंय आणि दुधातलं ८७ टक्के पाणी तसंच ठेवून तुलना केलीय. दुधाचंही पाणी काढा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत १०० ग्रॅमला साडेबाराशेच्या आसपास कॅल्शियम असतं. पावडरीला पावडर भिडवली की सतरा पट दीड पटीवर येते.

यात शेवग्याचा दोष नाही. त्याची ताजी पानं उत्तम आहेत. पाकिटातल्या पुडीपेक्षा दारातल्या झाडाची ओंजळभर पानं वरणात टाकली तर ५० ग्रॅमला दीडशेच्या घरात कॅल्शियम सहज येतं. इकडच्या मंडईत ‘सुरजना’ म्हणून शेंगा मागाव्यात. पानांसाठी मात्र झाड असलेला शेजारी गाठावा लागतो. कोवळी पानं देठापासून सोडवून, धुऊन, शेवटच्या पाच मिनिटांत घालावीत. जून पानं कडवट लागतात, आणि मग घरातले म्हणतात, पुन्हा करू नकोस.

तेव्हा पाकीट हातात घेतलं की पहिला प्रश्न, मी एका वेळी हे किती ग्रॅम खाणार. घरात स्वयंपाकाचा छोटा काटा असेल तर आपल्या चमच्यांचं वजन एकदा करून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावं. दुसरा प्रश्न, तुलना कशाशी केलीय आणि दोन्ही एकाच अवस्थेत आहेत का, कोरडं कोरड्याशी, शिजलेलं शिजलेल्याशी. क्विनोआत १४ ग्रॅम प्रथिनं असतात ती कोरड्या दाण्यांत. शिजवून पाणी प्यायलेल्या १०० ग्रॅममध्ये साडेचारच उरतात. तिसरा प्रश्न, त्यातलं अंगी किती लागतं. ‘अँटिऑक्सिडंट’चे मोठमोठे आकडे या तिसऱ्या प्रश्नावर पडले. परीक्षानळीत मोजलेली ती शक्ती शरीरातही तशीच चालते याला आधार नाही आणि कंपन्या तिचा गैरवापर करतात, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला ओरॅक नावाचा तक्ताच २०१२ साली काढून घेतला. पाकिटांवरून तो अजून गेलेला नाही.

क्विनोआवर थोडं जास्त. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे क्विनोआ वर्ष ठरवलं, पुढे २०२३ हे भरडधान्यांचं. क्विनोआ आता परदेशी राहिलेला नाही. नीमच आणि मंदसौरकडे त्याची आणि चियाची शेती होते आणि माल नीमच मंडीत उतरतो. दाणे चांगले आहेत, फक्त सॅपोनिनच्या कडू थरासाठी तीन-चार पाण्यांत फेस जाईपर्यंत चोळून धुवावे लागतात. हे न केल्याने ‘साबणासारखा लागतो’ म्हणून तो बदनाम आहे. त्याची खरी जाहिरात मात्र वेगळी असते: नऊही आवश्यक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, एकाच दाण्यात. खरंय. पण आपण नुसता भात कुठे खातो? धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. साधारण तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ घेतली की एकाची उणीव दुसरी भरून काढते. वरणभात, खिचडी, बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) आणि त्यावरची डाळ हे सगळं याच हिशेबातलं. प्रथिनांची किंमत काढायची असेल तर किलोच्या भावाला किलोतल्या प्रथिनांच्या ग्रॅमांनी भागावं: क्विनोआसाठी १४०, तूर आणि हरभरा डाळीसाठी २१५, मूगडाळीसाठी २४०. सियागंजच्या किराणा बाजारात भाव विचारत फिरताना हा भागाकार मोबाईलवर होतो, आणि तो केल्यावर मी तरी क्विनोआ हौसेच्या खात्यात टाकतो.

मखाना आणि फुटाणे यांचंही तेच. मखान्यात प्रथिनं नऊ-दहा टक्के, फुटाण्यांत वीसच्या वर. किवी आजारी माणसाच्या उशाशी हमखास दिसते. तिच्यात १०० ग्रॅमला क जीवनसत्त्व ९३ मिलिग्रॅम, पेरूत २०० च्या वर, आवळ्यात अडीचशेच्या आसपास. थंडीत चोइथराम मंडीत आवळ्याचे ढीग लागतात तेव्हा एक मोठा आवळा मिठाला लावून खाल्ला की दिवसाची गरज भागते. मोरावळ्यात मात्र शिजण्याने बरंच जातं आणि साखर येते. तो चवीसाठी खावा.

चिया विरुद्ध जवस हा वाद मला सगळ्यात आवडतो, कारण इथे नुसता आकडा पाहून भागत नाही, हाताचं काम कळावं लागतं. वनस्पतीतलं ओमेगा-३ हे मेदाम्ल १०० ग्रॅम जवसात २२ ग्रॅमच्या आसपास, चियात १७-१८. तंतू आणि कॅल्शियम चियात जास्त. जवस मध्य प्रदेशचं जुनं पीक, इथे ‘अलसी’ म्हणून कुठल्याही किराण्यात मिळतं. पण ते अख्खं खाल्लं तर गुळगुळीत सालीमुळे बरेचसे दाणे आले तसे निघून जातात. म्हणून कुटायलाच हवं. मंद आचेवर तडतड सुरू होईपर्यंत भाजावं, ताटात पसरून पूर्ण गार करावं, मगच मिक्सरला थांबत थांबत फिरवावं. गरम असताना फिरवलं किंवा सलग चालवलं तर तेल सुटून गोळा होतो. एका आठवड्यापुरतंच कुटावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावं. पुडीला ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास आला तर फेकावी. ही उपमा नाही, जवसाचं तेल रंगात वापरतात ते हवेत वाळतं म्हणूनच, आणि डब्यात घडतं तेही हेच. दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे चार लहान चमचे, कणकेत किंवा लसूण-तिखटाची चटणी करून भाकरीबरोबर. मासळीतलं ओमेगा-३ आणि हे एकच नव्हे. शरीर यातला फार थोडा भाग त्या रूपात बदलतं. तरी रोजच्या जेवणात ते असायला हवंच.

चिया घेतलीच तर कोरडी तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. ती आपल्या वजनाच्या दहा पट पाणी शोषून फुगते आणि घशाखाली अडकू शकते. आधी पेलाभर पाण्यात अर्धा तास भिजवावी.

काही गोष्टी नुसत्या फुगवलेल्या नसतात, त्या अंगाशी येतात. बागेबाहेर सकाळी मिळणारा दुधी भोपळ्याचा रस हे पहिलं नाव. दुधी कधीकधी कडू निघतो, तो क्युकर्बिटासिन या द्रव्यामुळे, आणि असा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने यावर स्पष्ट सूचना दिल्या होत्या: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखावा, कडू असेल तर फेकावा. आवळा, पुदिना, कारलं एकत्र घातलेल्या हिरव्या मिश्रणात हा कडूपणा लपतो, म्हणून तो रस मी कुणालाच सुचवणार नाही. दुसरं नाव हळदीच्या कॅप्सूलचं. हळकुंडात कर्क्युमिन तीनेक टक्केच असतं आणि भाजीतून पोटात जातं ते निर्धोक. पण त्याचा अर्क काढून, शोषण वाढवायला मिऱ्याचं द्रव्य मिसळलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तिसरं, सैंधव. गुलाबी रंगाचं मीठ बरं दिसतं, पण त्यातली खनिजं चिमटीत मोजावी इतकी, आणि ते बहुधा आयोडीनयुक्त नसतं. उपासाला वापरा, रोजच्या भाजीला नको. आणि स्पिरुलिना. शाकाहारी माणसाला तिच्यातून बी-१२ मिळतं असं सांगतात. त्यात असतो तो बहुतांश शरीराला न चालणारा प्रकार. दूध-दही-ताक रोज असू द्यावं, हातापायाला मुंग्या येत असतील तर रक्त तपासून घ्यावं. रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवू नये, डॉक्टरांना विचारून वाढवावं.

नाचणीच्या बिस्किटांबद्दल दोनच वाक्यं. पाकिटामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; मैदा, साखर, पामतेल यांच्यामागून नाचणी येत असेल तर ते नाचणी शिवलेलं मैद्याचं बिस्किट आहे. नाचणी हवी तर भाकरी करा, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देणारं दुसरं धान्य आपल्याकडे नाही.

मग रोज खायचं काय? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसाचं ताट दिलंय. शाकाहारी माणसासाठी ते असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, तेलबिया आणि सुकामेवा ३५, तेल-तूप २७, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. सगळी वजनं कच्च्या मालाची. यातल्या एकाही पदार्थाला सुपरफूडचं पाकीट लागत नाही. पण हे आकडे महिन्याच्या यादीशी ताडून बघण्यात खरी मजा आहे. चार मोठी माणसं असतील तर डाळी-कडधान्यं महिन्याला १० किलोंच्या वर लागतात. बहुतेक घरांची यादी काढा: तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, हरभरा डाळ एक, मटकी-चवळी अर्धा अर्धा. बेरीज पाचावर अडकते. भाजी दिवसाला एक किलो सहाशे ग्रॅम लागायला हवी. वांग्या-बटाट्याची एक भाजी आणि कोशिंबिरीचे चार काप यांत ती भरत नाही, आणि बटाटा तर यात धरूच नये. सुपरफूडवर घालवलेले पैसे या खड्ड्यात घातले तर खड्डा बराचसा बुजतो.

पाचाचे दहा करायला वरण दुप्पट घट्ट करायची गरज नाही. आठवड्यातून तीनदा मोड आलेल्या कडधान्याची उसळ, मधल्या वेळेला नमकीनऐवजी मूठभर फुटाणे, दोनदा बेसनाची धिरडी. मोड आणण्यामागेही कारण आहे: धान्या-कडधान्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, भिजण्या-उगवण्याने ते कमी होतं. मटकी आठ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, ओल्या फडक्यात उन्हाळ्यात १२ तास आणि इंदूरच्या डिसेंबरात २४ तास लागतात. फडकं निथळत असेल तर मोडाऐवजी चिकटा आणि आंबूस वास येतो.

उरलेला सगळ्यात मोठा हात सोयाबीनचा. माळवा सोयाबीनने भरलेला, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरातच, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते नाही. तेल गाळून पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. प्रथिनं ३६ ते ४० टक्के, कुठल्याही डाळीच्या दीडपट. लोकांनी एकदा कच्चं सोयाबीन गव्हात घालून दळलेलं असतं, पोळीला शेंगेचा उग्र वास आलेला असतो, पोट फुगलेलं असतं, आणि विषय संपलेला असतो. त्यात पचन अडवणारं एक द्रव्य असतं, ते उष्णतेने मोडतं. वास ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो तेही उष्णतेने थांबतं. म्हणून एक किलो सोयाबीनला तीन लिटर पाणी आधी उकळू द्यायचं आणि खळखळत्या पाण्यात दाणे टाकायचे. गार पाण्यात टाकून तापवले तर वास तेवढ्या वेळात तयार होऊन बसतो. २० ते २५ मिनिटं उकळून पाणी फेकायचं, गार पाण्यात चोळून सुटतील तेवढी सालं काढायची, कडक उन्हात दोन दिवस वाळवायचं. दाताखाली कट्‌कन तुटला तर वाळला. ओलसर राहिला तर गिरणीवाला पाटा बसल्याची कुरकुर करणार आणि पिठाला कुबट वास येणार. नऊ किलो गव्हाला हे एक किलो मिसळून एकत्रच दळायचं, नुसतं सोयाबीन दळलं तर तेलामुळे चिकटतं. कणकेतली प्रथिनं दहा-अकरावरून तेराच्या पुढे जातात. पीठ मात्र तीन आठवड्यांत संपवायचं, तेलकट असल्याने खवट होतं. पहिल्या दळणाला एकऐवजी अर्धाच किलो घाला आणि घरात काही बोलू नका. पोळ्या नेहमीसारख्या संपल्या तर पुढच्या वेळी पूर्ण किलो घाला.